मोजा टाचेत फाटतो, पोटरीत नाही: जुन्या मोज्यांपासून घरगुती वस्तू

एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा आटोपल्या की सोलापुरातल्या घराघरांत गणवेशांची आवराआवर सुरू होते. शर्ट धाकट्या भावंडाकडे जातो, पँटची शिवण उसवून ती आणखी एक वर्ष चालवली जाते, बूटसुद्धा एखाद्या जूनपर्यंत निभावतात. मोजे मात्र कोणी कोणाला देत नाही आणि कोणी मागतही नाही. ते खिडकीच्या कोपऱ्यात जमा होतात, दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहतात आणि मग कचऱ्याच्या गाडीत जातात. टाकण्यापूर्वी त्यांपैकी एक मोजा हातात घालून उजेडासमोर धरून पाहावा. टाच आणि अंगठ्याची जागा जाळीसारखी झालेली दिसेल, तळव्यावरचे सूत विरलेले असेल. परंतु घोट्यापासून वरचा, पोटरीवर बसणारा भाग बहुधा नव्यासारखाच असतो. झीज चार-पाच इंचांत होते आणि टाकून मात्र अख्खा मोजा दिला जातो. पुढे सांगितलेल्या बहुतेक वस्तू या न झिजलेल्या नळीतून होतात.

कात्री लावण्यापूर्वी मोजा कसा घडलेला आहे हे समजून घेणे आवश्यक आहे, आणि इथे आपली भाषाच थोडा घोटाळा करते. मागावर चादर तयार होते त्यालाही आपण विणणे म्हणतो आणि सुयांवर स्वेटर होतो त्यालाही विणणेच म्हणतो. सोलापूरच्या चादरीत उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना काटकोनात ओलांडतात, म्हणून ते कापड फारसे ताणले जात नाही. मोज्यात ताणा-बाणा नसतोच. एकच धागा टाक्यातून टाका काढत गोल फिरत राहतो आणि त्याची बिनशिवणीची नळी तयार होते. ही नळी प्रत्येक टाक्याच्या लवचिकतेमुळे रुंदीत दुप्पट ताणली जाऊ शकते. सुयांवरचे हे काम यंत्राकडे प्रथम सोपवले गेले तेही मोज्यांसाठीच: विल्यम ली या इंग्रज माणसाने १५८९ मध्ये तयार केलेले यंत्र मोजे विणण्याचे होते. आपल्या कामापुरता यातून निघणारा नियम असा की मोजा उभा कापू नये, आडवा कापावा. उभा कापला की हातात गुंडाळून जाणारी, कडेने टाके सुटणारी एक निरुपयोगी पट्टी येते. आडवा कापला की न सांधता मिळालेले अखंड कडे येते.

निवड आणि धुणे

सर्वप्रथम मोजे सुती आणि कृत्रिम धाग्याचे असे वेगळे करावेत. ही पायरी अनेकजण टाळतात आणि मीही एकदा टाळली होती. शाळेच्या पांढऱ्या मोज्यांपासून मी गरम भांडी धरायचे आणि ठेवायचे छोटे आसन केले होते. भाकरीचा तवा उतरवून त्यावर ठेवला आणि तवा उचलला तेव्हा आसनही त्याच्यासोबत उचलले गेले. वितळलेला नायलॉन लोखंडावरून खरवडून काढण्यात एक दुपार गेली. मोज्यावरचे लेबल पहिल्या दोन-चार धुण्यांतच निघून जाते, म्हणून खात्रीची चाचणी ज्योतीवरच करावी लागते. मोज्याच्या आतल्या बाजूचा इंचभर धागा काढून तो चिमट्यात धरावा, खाली पाण्याची ताटली ठेवावी आणि धागा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा चटकन पेट घेतो, जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी मऊ राख राहते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे सरतो, वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी बनतो. लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो. राखेत बारीक खडे लागले तर तो मिश्र धागा आहे असे समजून त्याची गणना कृत्रिमातच करावी. गणवेशाचे पुष्कळसे मोजे या मिश्र वर्गात मोडतात. ते टाकाऊ नाहीत. केवळ उष्णतेच्या कामाला त्यांचा उपयोग नाही.

धुण्यासाठी अर्ध्या बादली कडकडीत गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा, मोजे उलटे करून त्यात अर्धा तास भिजवावेत आणि नंतर नेहमीच्या साबणाने चोळून धुवावेत. आमच्या भागात पाणी रोज येत नाही, त्यामुळे हे काम पाणी येण्याच्या दिवशीच उरकते आणि सोड्याचे पाणी न्हाणीघर घासायला वापरले जाते. घरातल्या ज्या व्यक्तीच्या पायाला बुरशीचा त्रास झाला असेल तिचे मोजे स्वयंपाकघरासाठी किंवा लहान मुलांच्या खेळण्यासाठी घेऊ नयेत. धूळ पुसण्यापुरते ते चालतील. काळ्या मातीचे डाग मात्र पूर्ण जाण्याची वाट पाहू नये. सोलापूरच्या मातीने एकदा पांढऱ्या मोज्याचा रंग ठरवला की तो बदलत नाही.

चौकटीवर विणलेले आसन

या सर्व वस्तूंमध्ये माझ्या मते सर्वांत उपयुक्त वस्तू ही आहे, आणि यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांना ती शिकवावी लागत नाही, दाखवावी लागते. यासाठी फक्त सुती मोजे घ्यावेत.

जुन्या फोटोची लाकडी चौकट किंवा चार पट्ट्या ठोकून केलेला चौकोन घ्यावा. समोरासमोरच्या खिळ्यांमधले अंतर १५ सेंटिमीटर राहील अशा बेताने प्रत्येक बाजूवर बारा बारीक खिळे ठोकावेत. दोन खिळ्यांमध्ये सव्वा सेंटिमीटर अंतर सोडावे आणि खिळ्यांची डोकी किंचित बाहेरच्या बाजूला कललेली ठेवावीत, म्हणजे ताण आल्यावर कडी निसटत नाहीत. अठ्ठेचाळीस खिळे ठोकण्याचे हे काम एकदाच करायचे असते.

आता मोज्याच्या वरची इलॅस्टिकची पट्टी कापून बाजूला ठेवावी आणि त्याखालच्या नळीची अडीच सेंटिमीटर रुंदीची आडवी कडी कापत जावे. टाच वगळावी, तळव्याचा भाग विरला नसेल तर त्याचीही कडी घ्यावीत. मोठ्या माणसाच्या किंवा हायस्कूलमधल्या मुलाच्या एका मोज्यातून अशी सात-आठ कडी सहज निघतात. प्रत्येक कडे दोन्ही हातांनी एकदा ताणावे, म्हणजे कडा आत गुंडाळल्या जाऊन त्याची गोलसर दोरी होते आणि सुटे धागे त्यातच लपतात. पहिलीतल्या मुलाच्या मोज्याची कडी या चौकटीवर पोहोचत नाहीत. ती ओढून बसवण्याचा अट्टहास केला तर चौकटच वाकते.

बारा कडी वरच्या खिळ्यांवरून समोरच्या खालच्या खिळ्यांवर अडकवली की ताणा तयार झाला. शेजारच्या एका आजोबांचे, ज्यांचे सारे आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर गेले, या टप्प्यावर एकच सांगणे असते: ताण्याचे सगळे धागे सारख्या ताणाचे हवेत, मग ती चादर असो नाहीतर चिंधी. म्हणून एका आसनासाठी एकाच जातीचे मोजे ताण्यात घालावेत आणि रंगीबेरंगी, कमी-जास्त जाडीचे मोजे बाण्यासाठी ठेवावेत.

बाणा भरण्यासाठी क्रोशाची जाड सुई किंवा मोडक्या छत्रीची टोकाला वाकवलेली काडी पुरते. सुई उजवीकडून शिरवावी आणि ताण्याच्या पहिल्या कड्यावरून, दुसऱ्याखालून, तिसऱ्यावरून अशी डावीकडे बाहेर काढावी. ताण्याच्या प्रत्येक कड्याचे दोन पदर असतात, ते दोन्ही मिळून एकच धागा समजावा. नवशिक्याची चूक हमखास इथेच होते, कारण घाईत सुई दोन पदरांच्या मधून जाते आणि पुढची सगळी ओळ बिघडते. डावीकडे आलेल्या सुईच्या टोकात नवे कडे अडकवून ते उजवीकडे ओढून आणावे आणि त्याची दोन्ही टोके समोरासमोरच्या खिळ्यांवर बसवावीत. पुढच्या ओळीत जिथे वरून गेलो तिथे खालून आणि जिथे खालून गेलो तिथे वरून जावे. दर दोन-तीन ओळींनंतर बोटांनी किंवा जाड दातांच्या कंगव्याने बाणा खाली ठोकून घ्यावा. शेवटच्या दोन ओळी अवघड जातात, कारण तोवर ताणा घट्ट झालेला असतो. त्या वेळी ओढाताण न करता सुई एका वेळी तीन-चार कड्यांपुरतीच सरकवत न्यावी.

चौकोन भरला की कडा बंद करायच्या असतात. एका कोपऱ्यातल्या खिळ्यावरचे कडे सुईवर घ्यावे, त्याच्या शेजारचे दुसरे कडे सुईवर घ्यावे आणि दुसरे पहिल्याच्या आतून ओढून काढावे. सुईवर आता एकच फास राहतो. त्यात तिसरे कडे ओढावे, मग चौथे, आणि अशा रीतीने चारही बाजू फिरून यावे. उरलेली कडी आपापल्या खिळ्यांवरच राहू द्यावीत. सगळी एकदम काढली तर पुन्हा सुरुवातीपासून विणावे लागते. अगदी शेवटी राहिलेला फास थोडा मोठा ओढून गाठ मारली की आसन खुंटीला अडकवण्याची सोय होते.

चौकटीवरून उतरल्यावर आसन आक्रसते आणि साधारण साडेबारा सेंटिमीटरचा, चांगल्या जाडीचा चौकोन हाती येतो. चहाचे पातेले, डाळीची कढई किंवा कुकर उतरवताना हातात धरायला तो उत्तम आहे. भाकरीच्या तव्यासाठी मात्र दोन चौकोन एकावर एक शिवून घ्यावेत, कारण कडक भाकरी भाजणारा लोखंडी तवा एका थरातून चटका देतो. ओल्या आसनाने गरम भांडे कधीही धरू नये, त्यातले पाणी तापून हात पोळतो. चार चौकोन जोडले की जेवणाच्या ओट्यावर ठेवण्याजोगे मोठे आसन होते.

चुंबळ

माठ आणि घागर यांचा बुड गोल असल्यामुळे त्यांना खाली बैठक लागते आणि पूर्वी घरोघरी जुन्या लुगड्याची चुंबळ वळलेली असे. आता बाजारात लोखंडी तिवई मिळते, परंतु फरशीवर ओरखडे न उठवणारी आणि माठाला घट्ट धरून ठेवणारी चुंबळ मोज्यांची फार छान होते. तिला मिश्र धाग्याचे मोजेही चालतात.

तीन लांब मोज्यांच्या नळ्या, टाच आणि पंजा कापून, एकमेकींत दोन-दोन सेंटिमीटर सरकवून शिवाव्यात. शिवलेली लांब नळी पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असावी. तिच्यात कापून उरलेल्या टाचा, पंजे आणि तुकडे ठासून भरावेत. भरताना कंजुषी करू नये, कारण पाण्याने भरलेल्या माठाच्या वजनाखाली सैल चुंबळ एका आठवड्यात पोळीसारखी चपटी होते. दोन्ही टोके जुळवून कडे शिवावे. यानंतर एका वेगळ्या मोज्याची पट्टी काढावी: वरून सुरुवात करून, अडीच सेंटिमीटर रुंदी राखत, सफरचंदाची साल काढतात तशी कात्री गोल फिरवत खाली यावे. पोटरीच्या एका नळीतून सुमारे एक मीटर पट्टी निघते आणि ताणल्यावर ती आणखी लांबते. अशा दोन-तीन पट्ट्या चुंबळीभोवती तिरप्या गुंडाळून टोक आत खोचावे व चार टाके घालावेत.

नवा माठ भरपूर पाझरतो, त्यामुळे चुंबळ सतत ओली राहून कुबट होण्याचा धोका असतो. दोन चुंबळी करून एक दिवसाआड बदलाव्यात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओली चुंबळ दुपारपर्यंत खडखडीत वाळते.

बाटलीचा ओला अंगरखा

माठ ज्या कारणाने पाणी गार करतो त्याच कारणाने ओला मोजाही करतो. पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितके पाणी लवकर उडते. तापमान चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. कोकणातल्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग होत नाही आणि आपल्याकडेही पावसाळ्यात होत नाही. खेळाडू वापरतात तसा जाड सुती मोजा यासाठी घ्यावा. त्याच्या आत टॉवेलसारखी फासांची लव असते आणि ती पाणी धरून ठेवते, म्हणून मोजा उलटा करून लव बाहेर येईल असा बाटलीवर चढवावा. पंजा कापून टाकला तरी चालतो, कारण बुडाला वारा लागत नाही. बाटली स्टीलची असल्यास प्लास्टिकपेक्षा लवकर गार होते. मात्र दोन भिंतींची, पाणी तासन्‌तास गार ठेवणारी बाटली घेऊ नये, तिच्यात बाहेरचा गारवा आत पोहोचतच नाही. मोजा भिजवून बाटली सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवावी आणि सुकला की पुन्हा भिजवावा. दुचाकीच्या हँडलला लावलेली अशी बाटली शहराच्या एका टोकाच्या होटगी रस्त्यापासून दुसऱ्या टोकाच्या बाळ्यापर्यंत जाईतो पिण्याजोगी राहते, मग फ्रिजची आठवण होत नाही.

शेकाची पिशवी

कंबर किंवा मान धरली असता मिठाचा शेक देण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पुरचुंडी बांधण्याऐवजी मोजा वापरला की मीठ सांडत नाही आणि लांबट आकारामुळे शेक मानेभोवतीही बसतो. इथे शंभर टक्के सुती किंवा लोकरी मोजाच हवा आणि ज्योतीची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाव किलो खडेमीठ तव्यावर गरम करून, दोन मिनिटे परातीत निवू देऊन, एकात एक घातलेल्या दोन मोज्यांत भरावे. अर्धा मोजा मोकळा ठेवून गाठ मारावी. प्रथम स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा आणि मगच दुसऱ्याला द्यावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्या पायांना हा शेक देऊ नये, कारण चटका बसला तरी त्यांना ते कळत नाही.

मिठाऐवजी ज्वारीही भरता येते आणि तिचा ऊबदार वास अनेकांना आवडतो. फक्त ज्वारीला कीड लागते, म्हणून पिशवी कायमची शिवून टाकू नये. महिन्या-दोन महिन्यांनी दाणे काढून उन्हात घालावेत किंवा कोंबड्यांना टाकून नवे भरावेत.

उरलेसुरले

मिश्र आणि कृत्रिम मोज्यांसाठी धुळीची कामे भरपूर आहेत. अख्खा मोजा हातात घालून पंख्याची पाती, खिडकीचे गज आणि कूलरच्या जाळ्या पुसाव्यात; फडक्याने जे कोपरे सुटतात ते बोटांना सापडतात. लांब मोजा वाळूने भरून, तोंड शिवून, दाराच्या फटीशी आडवा ठेवला की वळवाच्या वावटळीतली धूळ आणि किडे बाहेर राहतात. वाळू आधी चाळून वाळवून घ्यावी, नाहीतर फरशीवर ओल उतरते.

लहानग्यांसाठी चेंडू करायचा असेल तर एका मोज्यात तुकडे ठासून, पीळ देऊन तोच मोजा पुन्हा त्यावर उलटावा आणि असे चार-पाच वेळा करून तोंड शिवावे. घरात खेळताना तो काच फोडत नाही. बाहुली करणाऱ्यांनी टाचेचा नैसर्गिक फुगवटा बसकणीसाठी वापरावा, मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या बाहुलीला गुंड्यांचे डोळे लावू नयेत. गुंडी निघून घशात अडकू शकते, म्हणून डोळे दोऱ्यानेच भरावेत.

सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या इलॅस्टिकच्या पट्ट्या विसरू नयेत. केस बांधायला त्या रबरापेक्षा बऱ्या, कारण केस कमी तुटतात. शेंगांच्या चटणीच्या बरणीवर फडके ताणून बसवायलाही त्या कामी येतात. भोक पडलेल्या टाचा चुंबळीत भरूनही शिल्लक राहिल्या तर त्यांना बुटाच्या पॉलिशच्या डबीत ठेवावे. काळ्या पॉलिशसाठी एक आणि तपकिरीसाठी एक अशा दोन टाचा वर्षभर पुरतात. चौकट आणि सुई एका पिशवीत घालून माळ्यावर टाकावी आणि पिशवीत ज्योतीच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले, धुतलेले सुती मोजे भरत जावे. पुढच्या एप्रिलपर्यंत दोन-तीन आसनांचा माल त्यात आपोआप साठलेला असतो.